सर्व्हरवर माणसे आहेत का? चाहत्यांचे शूटर मॉड खेळायला घेताना

गेल्या चवथीला डिचोलीच्या आमच्या मूळ घरी भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "मामा, रात्रभर डाउनलोड लावून गेम घातला आणि आत एकही माणूस नाही." पडद्यावर ओसाड रेल्वे स्थानक, मुसळधार पाऊस, त्याच्या हातात बंदूक, आणि समोर चिटपाखरू नाही. सर्व्हरच्या यादीत नऊ नावे, नवांच्याही पुढे शून्य. मॉड वाईट नव्हता. तो केव्हाच ओस पडला होता, एवढेच. पानावरची झकास चित्रे तेवढे सांगत नव्हती.

त्या दिवशी नेवऱ्या खाता खाता त्याला जे सांगितले, ते इथे क्रमाने मांडतो. संगणकावर शूटर गेम थोडेफार खेळलेल्या, पण मॉडच्या वाटेला कधी न गेलेल्यांसाठी हे आहे.

पायरी १ : मॉड म्हणजे जत्रेतले नाटक

कंपनीच्या तयार गेमचे इंजिन घेऊन चाहत्यांनी त्यावर उभा केलेला वेगळा खेळ म्हणजे मॉड. कधी नुसते नवे नकाशे आणि नव्या बंदुका, तर कधी खेळाचे नियमच मुळापासून वेगळे. गोव्यातल्या माणसाला हे समजवायला कष्ट नाहीत. आपल्याकडे जत्रेला, काल्याला गावची हौशी मंडळी नाटक करतात. दिवसा बँकेत, पंचायतीत, गॅरेजमध्ये काम आणि रात्री देवळाच्या मंडपात तालीम. मानधन कुणालाच नाही. म्हणून व्यावसायिक निर्माता तिकीटबारीच्या भीतीने ज्या संहितेला हात लावणार नाही, ती ही मंडळी बेधडक घेतात. आणि म्हणूनच नायकाला बोटीवर नोकरी लागली की सगळे बारगळते.

मॉडचेही हेच. त्याचे गुण आणि दोष एकाच गोष्टीतून येतात : पगार कुणालाच नाही.

यातून काय काय निघाले ते थोडे ऐका. हाफ-लाइफ हा गेम नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. त्यावर मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी काउंटर-स्ट्राइक हा मॉड बांधला आणि जून १९९९ मध्ये त्याची पहिली चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला. म्हापशा-पणजीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आमच्या पिढीने जो काउंटर-स्ट्राइक १.६ खेळला, तो मुळात दोन चाहत्यांचा उद्योग होता, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते. त्याआधी १९९६ मध्ये क्वेकवर टीम फोर्ट्रेस आला होता, तोही ऑस्ट्रेलियातल्या चाहत्यांनी बनवलेला मॉड. आणि २०२० मध्ये बंदी आल्यावर ज्याच्यासाठी घराघरांत पोरे रुसून बसली, त्या पबजीची मुळे ब्रेंडन ग्रीन या माणसाने आर्मा या युद्धखेळावर केलेल्या मॉडमध्ये आहेत.

पायरी २ : खाली कोणता गेम लागतो ते पाहा

मॉड फुकट असतो, पण त्याच्याखालचा गेम फुकट असेलच असे नाही. तीन प्रकार आढळतात. काही मॉड आता स्वतंत्र झाले आहेत, त्यांना खाली काहीच लागत नाही. काहींना स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानावरचा सोर्स एसडीके बेस, म्हणजे व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनाचा पाया, लागतो. त्यातला २०१३ चा मल्टिप्लेअर बेस फुकट आहे आणि तो लायब्ररीत गेमच्या यादीत नव्हे, तर टूल्सच्या यादीत सापडतो. नवखे नेमके इथेच चुकतात. उरलेल्यांना मूळ गेम विकत घ्यावाच लागतो. हाफ-लाइफसारखे जुने गेम स्टीमच्या सेलमध्ये एका फिश थाळीपेक्षा स्वस्तात मिळतात, तेव्हा चोरीची प्रत शोधत बसू नका. मॉड चालेना झाला की दोष मॉडचा की त्या प्रतीचा, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

यंत्राची फारशी काळजी नको. यातले बरेच खेळ वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांवर चालतात. कॉलेजला दिलेला साधा लॅपटॉपही पुरतो, आणि मॉडचा हा गुण आपल्याकडे कमी लेखला जातो. पण माउस हवाच. टचपॅडवर शूटर खेळणे म्हणजे बोटमोजे घालून आमटी-भात खाणे.

पायरी ३ : निवड

इथे घाई करू नका. पहिल्या महिन्यासाठी मी दोनच नावे सुचवतो.

पहिले स्वेन को-ऑप. हा १९९९ पासूनचा हाफ-लाइफचा मॉड, २०१६ मध्ये स्टीमवर स्वतंत्र आणि फुकट झाला. यात माणसे एकमेकांवर गोळ्या झाडत नाहीत, सगळे मिळून संगणकाच्या शत्रूंशी लढतात. नवख्याला शिव्या बसत नाहीत, मेलात तर कुणीतरी उठवायला येते. शिवाय चाहत्यांनी बनवलेले नकाशे इतके आहेत की ते संपत नाहीत. त्यांतले काही अप्रतिम, काही इतके वेडगळ की बनवणाऱ्याची तब्येत बरी होती ना असा प्रश्न पडावा. दर्जाची हमी नाही. हीच त्याची मजा आणि हीच त्याची कटकट.

दुसरे फिस्टफुल ऑफ फ्रॅग्ज. काउबॉयच्या काळातला खेळ, २०१४ पासून स्टीमवर फुकट. एकेक गोळी भरायची जुनी पिस्तुले, लाथाबुक्क्या, आणि व्हिस्कीचा घोट घेतला की प्राण भरून येतो. (आपल्याकडे कुणी मॉड केला तर तिथे हुर्राक, म्हणजे काजूची दारू, येईल.) बंदुका सावकाश चालतात म्हणून नवख्यालाही चार क्षण विचाराला मिळतात.

प्रोजेक्ट रिअॅलिटी मात्र पहिल्या महिन्यात नको. बॅटलफील्ड २ वर बांधलेला हा मॉड २०१५ पासून मूळ गेमशिवाय चालतो आणि एका सर्व्हरवर शंभरापर्यंत माणसे खेळतात. तुकडीप्रमुख सांगेल तिथे जायचे, दहा मिनिटे झुडपात पडून राहायचे, मग कुठूनशी एक गोळी येते आणि खेळ संपतो. नियमित खेळणाऱ्यांना तो व्यसनासारखा लागतो. एकट्याने, माइकशिवाय, इंग्रजीचा संकोच घेऊन गेलात तर दोन संध्याकाळींत सोडून द्याल.

आता एक मॉड सांगतो, जो तुम्ही बहुधा खेळणार नाही, पण मॉडची ताकद कशात असते ते त्यातून कळते. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी हाफ-लाइफवर नॅचरल सिलेक्शन आला. एका बाजूला सैनिक, दुसऱ्या बाजूला परग्रहावरचे प्राणी. सैनिकांपैकी एकजण बंदूक खाली ठेवून कमांडरच्या खुर्चीत बसतो. त्याला सगळे रणांगण वरून दिसते, बुद्धिबळाच्या पटासारखे. तो इमारतींच्या जागा ठरवतो, दारूगोळा टाकतो, माणसांना हुकूम देतो. प्राण्यांच्या बाजूला कमांडर नाही. ते भिंतीवर चढतात, छताला चिकटून बसतात आणि साधने जमवून आणखी मोठा प्राणी बनतात. दोन बाजूंना दोन वेगळे खेळ आणि तरी सामना एकच! २००२ साली हा प्रस्ताव घेऊन एखाद्या प्रकाशक कंपनीत गेला असतात तर चहा पाजून परत पाठवले असते.

दोषही तिथेच. कमांडर नवखा किंवा हेकट निघाला की त्याच्यासोबत अख्ख्या संघाचा अर्धा तास जातो. सैनिकांनी हुकूम ऐकला नाही तर चांगला कमांडरही हताश. दोन असमान बाजूंचा तोल साधणे व्यावसायिकांनाही जड जाते. चाहत्यांनी आवृत्तीमागून आवृत्ती काढून ते चालवले. शिकायला इतके कठीण खेळ नवे लोक आणत नाहीत, जुने हळूहळू गळतात, उरलेले इतके तयार होतात की नवा आलेला पाच मिनिटांत चिरडला जातो आणि परत येत नाही. मॉड बहुतेक असेच मरतात. बिघाडाने नव्हे, उरलेल्यांच्या तरबेजपणाने.

पायरी ४ : डाउनलोड करण्याआधी तीन रात्री थांबा

ही पायरी कुणी पाळत नाही आणि भाच्याने पाळली नव्हती. मॉड आवडला की लगेच उतरवू नका. स्टीमच्या सर्व्हर ब्राउझरमध्ये किंवा मॉडच्या स्वतःच्या यादीत, तुम्ही रोज ज्या वेळी खेळणार त्याच वेळी, तीन दिवस डोकावून पाहा. दहा माणसांचा एक सर्व्हर पन्नास रिकाम्या सर्व्हरांपेक्षा बरा. आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास नको, काही सर्व्हर बॉट म्हणजे संगणकाचे खेळाडू माणसांत मोजून दाखवतात. नावांसमोरचा वेळ पाहा. सगळ्यांचा वेळ अगदी सारखा असेल तर ती माणसे नव्हेत.

वेळेचे गणित असे. लहान मॉडची माणसे बहुधा युरोप-अमेरिकेत असतात. जर्मनीत शुक्रवारी रात्री आठ वाजता सर्व्हर भरतो, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या रात्रीचे आठ म्हणजे आपली पहाट, साडेपाच. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायच्या सुमाराला बंदूक हातात घ्यायची तयारी असेल तर तेही चालेल. मी एकदा केले. त्या दिवशी ऑफिसात काय केले ते आठवत नाही.

पायरी ५ : फाइल तपासा, मग घाला

मॉड त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, स्टीमवरून किंवा मॉडडीबीसारख्या मॉडच्या जुन्या जाणत्या संकेतस्थळावरूनच उतरवा. व्हिडिओखाली कुणी दिलेल्या दुव्यावरून नको. उतरवलेली फाइल व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर टाकून पाहा. "अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा" अशी सूचना दिसली की तिथूनच परत फिरा.

ही नुसती भीती नाही. २०१९ मध्ये डॉक्टर वेब या रशियन सुरक्षा कंपनीने काउंटर-स्ट्राइक १.६ च्या सर्व्हरांवरून पसरणारा बेलोनार्ड नावाचा ट्रोजन, म्हणजे लपून शिरणारा घातक प्रोग्राम, उघड केला. खेळाडू नुसता सर्व्हरला जोडला गेला की जुन्या गेममधल्या भगदाडातून तो संगणकात शिरायचा. जुन्या खेळाचा हा मोठा दोष. कुलूप जुने झालेले असते आणि ते बदलणारा कुणी नसतो. म्हणून अनोळखी सर्व्हरने "आमचा खास क्लायंट (म्हणजे त्यांनी दिलेली गेमची प्रत) उतरवा" म्हटले तर सरळ नाही म्हणा, आणि ज्या लॅपटॉपवर बाबांचे बँकेचे व्यवहार होतात त्यावर हे प्रयोग करू नका.

घालायची रीत सोपी आहे. सोर्सवरचा मॉड असेल तर त्याचे फोल्डर स्टीमअॅप्सच्या आतल्या सोर्समॉड्स फोल्डरमध्ये ठेवायचे. हाफ-लाइफचा असेल तर हाफ-लाइफच्या फोल्डरमध्ये. मग स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचे, की लायब्ररीत मॉडचे नाव दिसते. दिसले नाही तर दहातल्या नऊ वेळा फोल्डरच्या आत तेच फोल्डर पुन्हा तयार झालेले असते. सोर्स मॉडच्या फोल्डरमध्ये शिरल्या शिरल्या गेमइन्फो ही टेक्स्ट फाइल दिसली पाहिजे. आणखी एक पायरी आत जावे लागत असेल तर आतले फोल्डर बाहेर काढा.

कधी सगळे बरोबर असूनही मॉड कोसळतो, कारण खालचा गेम बदललेला असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाफ-लाइफला पंचवीस वर्षे झाली म्हणून व्हॉल्व्हने मोठा अपडेट दिला आणि काही जुने मॉड अडखळले. त्यावर उपाय गेममध्येच आहे. स्टीममध्ये हाफ-लाइफच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, बीटाज उघडा आणि स्टीम लेगसी निवडा, की जुनी आवृत्ती परत येते. घर दुसऱ्याचे असले की मालक कधी भिंत पाडेल याचा नेम नसतो, हे मॉडवाल्यांना सतत सोसावे लागते.

पायरी ६ : पहिली संध्याकाळ

पिंग पाहा, म्हणजे तुमच्या यंत्रापासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते. मुंबईतल्या सर्व्हरवर माझा पिंग तीस-चाळीसच्या आत असतो, युरोपातल्या सर्व्हरवर दीडशेच्या पुढे. दीडशेवर खेळता येत नाही असे नाही. हाफ-लाइफच्या घराण्यातले सर्व्हर गोळी झाडली त्या क्षणी तुमच्या पडद्यावर काय दिसत होते ते मागे जाऊन तपासतात, त्यामुळे नेम बरोबर असेल तर गोळी लागते. पण हाच हिशेब उलटाही चालतो. तुम्ही भिंतीआड पोहोचलेला असता, आणि तरी मरता, कारण मारणाऱ्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर होता. ही फसवणूक नव्हे. याचा धडा एवढाच की लांबच्या सर्व्हरवर तलवारबाजीचे, चावाचावीचे, धावपळीचे मॉड टाळा आणि संथ किंवा सहकार्याचे घ्या.

आत गेल्यावर पहिली दोन-तीन सत्रे कमी बोला, जास्त ऐका. आपल्याच माणसाला गोळी लागली तर लगेच माफी टाइप करा. लहान मॉडमध्ये तीच वीस माणसे रोज भेटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तुमचे नाव आठवते. मोठ्या कंपनीच्या गेममध्ये हे सुख नाही. तिथे प्रत्येक सामन्यात नवे अनोळखी. इथे आठवड्याभरात पोलंडमधला एक ट्रकचालक तुम्हाला "गोवा" म्हणून हाक मारू लागतो आणि समुद्रकिनाऱ्याचे फोटो मागतो.

उलट बाजूही असते. सर्व्हर एखाद्याच्या खिशातून चालतो आणि तो स्वतःला तिथला भाटकार, म्हणजे जमीनदार, समजतो. त्याला हरवलेत म्हणून बाहेर काढले तर दाद मागायला जागा नाही. फसवेगिरी रोखणारी यंत्रणाही अशा मॉडमध्ये तोकडी असते. आवाजी गप्पांवर कुणाचा धाक नसतो, म्हणून घरातले बारा-तेरा वर्षांचे पोर खेळत असेल तर व्हॉइस बंद ठेवा. आणि कुणी पैसे मागितले तर कान टवकारा. दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रांवर चालणारे मॉड टिकतात ते मुख्यतः फुकट असतात म्हणून. तेवढ्यानेही पूर्ण अभय मिळत नाही. २०२१ मध्ये व्हॉल्व्हच्या सांगण्यावरून टीम फोर्ट्रेस २ क्लासिक आणि ओपन फोर्ट्रेस या दोन मॉडना आपले डाउनलोड काढून ठेवावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र त्याच कंपनीने टीम फोर्ट्रेस २ चा कोड मॉड करणाऱ्यांसाठी खुला केला, अट एवढीच की विकायचे नाही.

पायरी ७ : चवथीचा लॅन

माझ्या मते मॉड खेळायची सर्वांत चांगली जागा म्हणजे आपले घर. वर्षातून एकदा चुलत, आते, मामे अशी सगळी भावंडे एका छपराखाली येतात, तेव्हा सर्व्हरवर माणसे आहेत का हा प्रश्नच मिटतो. ओस पडलेला मॉड पाच जणांत पुन्हा जिवंत होतो. भाच्याचे ते रेल्वे स्थानक आम्ही असेच वसवले.

लॅन म्हणजे घरातलेच संगणक एकमेकांना जोडून खेळणे. त्यासाठी आठ पोर्टचा साधा नेटवर्क स्विच आणि माणशी एक केबल घ्या. वायफायच्या भरवशावर राहू नका. आमच्या चिऱ्याच्या भिंती इतक्या जाड आहेत की चौकीतला सिग्नल माडीवर पोहोचेपर्यंत दमतो. सगळ्यांकडे मॉडची एकच आवृत्ती हवी, तीही पेनड्राइव्हवरून आधीच घातलेली. स्टीम एकदा इंटरनेटवर उघडून मग ऑफलाइन करा. सर्वांत दमदार लॅपटॉपवर सर्व्हर सुरू करा आणि विंडोज फायरवॉल विचारेल तेव्हा खासगी नेटवर्कवर परवानगी द्या. हा प्रश्न घाईत नाकारला गेला की पुढे तासभर डोके फोडत बसावे लागते. इतरांना यादीत सर्व्हर दिसला नाही तर कन्सोल (हुकूम टाइप करायची गेममधली खिडकी) उघडून कनेक्ट लिहायचे आणि पुढे त्या लॅपटॉपचा आयपी पत्ता. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. सर्व्हर ज्याच्या यंत्रावर असतो त्याचा पिंग शून्य, म्हणून दर तासाला यजमान बदला, नाहीतर भांडणे होतात. आमच्याकडे झाली आहेत.

पावसात झाड पडून वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतात, पण स्विच बंद पडतो आणि सगळे एकदम बाहेर फेकले जातात. स्विचला छोटा यूपीएस द्या. आरतीच्या वेळी सगळे बंद, हा नियम माझ्या आईचा.

पायरी ८ : जपून ठेवा

मॉड करणारी माणसे निघून जातात, संकेतस्थळाचे भाडे थकते, आणि एक दिवस दुवा उघडत नाही. २०१४ मध्ये गेमस्पाय ही सेवा बंद झाली तेव्हा कितीतरी जुन्या खेळांच्या सर्व्हर-याद्या एका फटक्यात गेल्या. त्यांतल्या काही चाहत्यांनी स्वतः उभ्या केल्या म्हणून ते खेळ आजही खेळता येतात. आवडलेल्या मॉडची मूळ झिप फाइल, त्याला लागणारा पॅच आणि तो कसा घातला याच्या चार ओळी एका पेनड्राइव्हवर ठेवा. वर आवृत्तीचा क्रमांक लिहा. आमचा पेनड्राइव्ह माटोळीच्या (चवथीला गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या मांडवाच्या) सुतळीसोबत पत्र्याच्या डब्यात असतो, कारण तो डबा वर्षातून एकदा न चुकता उघडतो.